अक्षता पडतानाचा आकडा

परदेशीपुऱ्यातल्या धनेशने आयुष्यात तीनशेच्या वर लग्नांचे व्हिडिओ काढले, आणि त्यातल्या एकाही लग्नात त्याचा अंतरपाट चुकला नाही. इंदूरच्या मराठी घरांत त्याचं नाव होतं ते एवढ्यासाठीच. ड्रोन उडवणारी, सहा-सहा जणांची फौज घेऊन येणारी विजय नगरची पोरं त्याच्याहून कितीतरी देखणं काम करायची. पण शेवटचं 'सावधान' कधी येणार, हे काही त्यांना कळायचं नाही. अंतरपाट खाली यायचा, नवरानवरी एकमेकांकडे बघायची, आणि यांचा कॅमेरा कुठेतरी झुंबरावर नाहीतर करवलीच्या नथीवर. धनेशला मंगलाष्टकं लहानपणापासून पाठ. गुरुजी कोणत्या ओळीनंतर श्वास घेणार, हेही त्याला ठाऊक असायचं.

त्याची आणखी एक रीत होती. कॅमेऱ्यात बिटरेट नावाचं एक सेटिंग असतं. दर सेकंदाच्या चित्रासाठी कार्डावर किती माहिती लिहायची, याचा तो आकडा. आकडा मोठा ठेवला तर चित्र स्वच्छ येतं, पण कार्ड दीड तासात भरतं. लहान ठेवला तर तेच कार्ड आठ-आठ तास पुरतं. माणसं बसली आहेत, गप्पा मारताहेत, पंगती उठताहेत, तोवर लहान आकड्यावर भागतं. अक्षता पडताना मात्र भागत नाही. शेकडो तांदूळ एकदम हवेत उडाले की एवढी हालचाल टिपायला ती माहिती पुरत नाही, आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. म्हणून मंगलाष्टकांच्या आधी धनेश कार्ड बदलायचा, आकडा शंभरावर न्यायचा आणि लग्न लागलं की परत खाली आणायचा. त्याच्याच गल्लीत स्टुडिओ चालवणाऱ्या मनीषला त्याने हे दहादा समजावलं होतं.

मग त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, उर्वीचं लग्न ठरलं.

धनेशच्या बायकोच्या, इंदुमतीच्या माहेरी एक पद्धत कडक पाळायचे. लेकीचं लग्न लागताना आईने बघायचं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की तिने तुळशीपाशी जाऊन पाणी घालत बसायचं. उर्वीने खूप समजावलं, जावेने थट्टा केली, की आजकाल हे कोण पाळतं? इंदुमती बधली नाही. "माझ्या आईने पाळलं, मी पाळणार," ती म्हणाली. "आणि मला कसलं टेन्शन? हे घरात आहेत ना. मी नंतर व्हिडिओत आरामात बघीन."

हे ऐकून धनेशची छाती फुगली, आणि खरं सांगायचं तर घोळ तिथेच सुरू झाला. मनीष आपणहून म्हणाला, "भिया, तुम्ही मुलीचे बाप. त्या दिवशी कॅमेरा मला पकडू द्या ना यार."

"तुझं टायमिंग कच्चं आहे," धनेश म्हणाला. "तू जेवायला ये."

राऊच्या मॅरेज गार्डनमध्ये त्याने पहाटेच कॅमेरा तिपाईवर चढवला, फ्रेम बांधली, वायर थेट भिंतीतल्या प्लगला जोडली. आपण पूजेत अडकणार, मध्ये कार्ड भरलं तर बदलायला कोणी नाही, या धास्तीने त्याने आकडा पार खाली, सोळावर आणला. चोवीसवरही चार तास सहज निघाले असते, पण भीतीपुढे हिशेब चालत नाही. मंगलाष्टकांआधी दोन मिनिटं काढून आकडा वर नेऊ, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. एवढ्यावर थांबला असता तरी बरं. पण हात वर करून मोबाइल धरणाऱ्या पाहुण्यांचा त्याला आयुष्यभराचा राग. त्याने गुरुजींकडून माइकवर सांगायला लावलं, की लग्न लागताना कृपया कोणीही मोबाइल काढू नये. पाहुणे बिचारे शहाणे निघाले. सगळ्यांनी ऐकलं.

मुहूर्त जवळ आला तसे व्याही जयसिंगराव हात धरून त्याला मांडवात घेऊन गेले. ती दोन मिनिटं काही मिळाली नाहीत. इंदुमती मागच्या खोलीत तुळशीच्या कुंडीपाशी जाऊन बसली. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता उडू लागल्या, आणि धनेश लेकीच्या बाजूला उभा राहून मान वाकडी करून तिपाईकडे बघत राहिला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा पेटलेला होता. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री कडाडली, तरी तो दिवा पेटलेलाच होता. त्याला हायसं वाटलं.

चार दिवसांनी, उर्वी नवऱ्याबरोबर बेंगळुरूला गेल्यावर, त्याने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. गौरीहरापाशी बसलेली उर्वी छान दिसत होती. बोहल्यावर चढलेली उर्वीही छान दिसत होती. पहिल्या अक्षता पडल्या आणि चित्र फुटलं. प्रत्येक 'सावधान'ला फुटायचं, जरा सावरायचं, परत फुटायचं. शेवटी अंतरपाट खाली आला तेव्हा पडद्यावर नुसते पिवळे-लाल चौकोन हलत होते, आणि लेकीच्या चेहऱ्याच्या जागी कातडीच्या रंगाचे चार ठोकळे. त्याने ते दहा-बारा वेळा मागेपुढे करून पाहिलं. जे कार्डावर लिहिलंच गेलं नव्हतं ते कुठून येणार? फोटोग्राफरकडून फोटो मागवले, तर एका फोटोत अंतरपाट धरलेला होता आणि पुढच्यात थेट हार. तीनशे परक्या घरांचं त्याने सांभाळलं, आणि स्वतःच्या घराचं घालवलं. तो आपल्या स्टुडिओचं शटर ओढून आत बसून रडला.

घरी मात्र "एडिटिंग चालू आहे" म्हणाला. तेच दोन महिने म्हणत राहिला. शेवटी एका दुपारी इंदुमती स्वतःच स्टुडिओत येऊन खुर्ची ओढून बसली. आता लावण्यावाचून इलाज नव्हता.

अक्षता पडायला लागल्या तशी ती पुढे सरकली. डोळे बारीक केले, पदराने चष्मा पुसला, पार पडद्याला नाक लागेपर्यंत वाकली. "अहो, हे सगळं धुंधलं कसं दिसतंय? चौकोन चौकोन?" मग तीच हळूच म्हणाली, "माझा मोतीबिंदूच असणार ना?"

तिला दोन वर्षांपासून मोतीबिंदू होता, आणि डोळ्यात सुरी म्हटलं की ती थरथरायची. धनेशने तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायची तीच वेळ होती. "हो," तो म्हणाला. "डोळ्यांमुळेच. व्हिडिओ एकदम साफ आहे."

माणूस वाईट नव्हता तो. पण त्या एका शब्दाने त्याचं ओझं उतरलं आणि तिच्या डोळ्यांवर जाऊन बसलं, आणि त्याने ते बसू दिलं.

त्याला काय ठाऊक की ती हे एवढं मनावर घेईल! जी बाई डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलायची, ती दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "माझी तारीख घेऊन टाका. उर्वीचं लग्न बघायचंय मला." धनेशने थंडी संपू दे म्हणून पाहिलं, साखर वाढलीय म्हणून पाहिलं. ती ऐकेना. ऑपरेशनच्या दिवशी आत जाताना तिचा हात बर्फासारखा गार पडला होता, आणि तो धरून चालताना धनेशला वाटत होतं, आत्ता सांगावं, इथूनच हिला परत न्यावं. दार आलं, आणि त्याने तिचा हात सोडला.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायची परवानगी दिली त्याच सकाळी ती स्टुडिओत हजर. भिंतीवरचं कॅलेंडर तिने चष्म्याशिवाय वाचून दाखवलं. "बघा, तिथीसुद्धा दिसतेय," ती लहान मुलीसारखी म्हणाली. "लावा आता."

त्याने लावला. अक्षता पडल्या. चित्र फुटलं.

ती शेवटपर्यंत बघत राहिली, वाकली नाही की डोळे बारीक केले नाहीत. व्हिडिओ थांबला तेव्हा म्हणाली, "म्हणजे त्या दिवशीही मला बरोबरच दिसलं होतं."

धनेशने मान हलवली. आकडा, कार्ड, जयसिंगरावांनी धरलेला हात, सगळं सांगून टाकलं. त्यातलं तिला किती कळलं कोण जाणे. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती नव्या डोळ्यांनी त्या ठोकळ्यांकडे बघत होती. मग तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही तर तिच्या बाजूलाच उभे होतात ना? मग तुम्हीच सांगा मला. अंतरपाट खाली आला तेव्हा कशी बघत होती ती? हसली का? की डोळ्यांत पाणी होतं?"

धनेशने काहीही सांगितलं असतं तरी तिने मानलं असतं. पण यावेळी खोटं त्याच्या तोंडून निघेना.

"मी कॅमेऱ्याकडे बघत होतो, इंदू," तो म्हणाला. "चालू आहे की नाही, ते."