एकाच जाळीवरचं पाखरू

खिशाखिशात कॅमेरे येण्याआधीची ही गोष्ट. गल्लीत त्याला छापेमास्तर म्हणत. लाकडी फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून कपड्यांवर चित्रं छापायची हा त्याचा धंदा. जन्मभर छापे मारणाऱ्याच्याच घरावर एके सकाळी छापा पडला, तेव्हा गल्लीला हसू आवरेना. लोकांचं काय जातं हसायला!

गुन्हा खरा होता. हाताला काम नव्हतं आणि एका व्यापाऱ्याने बड्या कंपनीचं चिन्ह शर्टांवर छापून मागितलं. "दुसऱ्याचं नाव आपल्याला कशाला हो?" बायको म्हणाली होती.

"अगं, सगळेच करतात."

करतात सगळेच, पण सापडतो तो चोर.

अधिकारी बाई स्वभावाने भल्या होत्या. शर्ट आणि शाई जप्त करून म्हणाल्या, "काका, तुमच्या स्वतःच्या चित्रांच्या फ्रेमा बाजूला काढा. त्या नाही नेणार." मास्तराने भराभर काढल्या. एक मात्र हातातच राहिली.

त्या फ्रेमच्या ताणलेल्या जाळीवर डावीकडे पाखरू होतं. हात धड होता तेव्हा बायकोने ब्रशने थेट जाळीवरच काढलेलं, चोच वर करून कुणाशी तरी कडाकडा भांडणारं. झबल्यावर ते दिसलं की बाया दुकानात दुसरं काही बघत नसत. दोघांचं पोट त्या पाखरावर चालायचं. पुढे तिच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात थरथरायला लागला. त्याच जाळीच्या उजव्या कोऱ्या अर्ध्यावर मास्तराने कंपनीचं चिन्ह उतरवलं होतं. एक छापताना दुसऱ्यावर चिकटपट्टी मारायची. चांगली जाळी वाया का घालवा! नको तिथे काटकसर केली गाढवाने.

"एवढी अर्धी कापून देता का?" त्याने विचारलं.

"पुरावा आहे, काका. अख्खीच न्यावी लागेल."

"मग एक छाप तरी काढू द्या."

"आता हात नाही लावू देता येत." बाईंनी मान खाली घातली आणि फ्रेमला सील लावलं.

पुढे कोर्टाने माल आणि साधनं नष्ट करायला सांगितली. सुक्याबरोबर ओलंही जळालं. मास्तर दुकानं हिंडला. पाखराचं एकही झबलं उरलं नव्हतं. घरात तर कधी ठेवलंच नव्हतं. साचा असताना माल कोण साठवतं?

"त्यात काय एवढं! परत काढते," बायको म्हणाली.

तिने पेन्सिल धरली. मास्तराने कागद दाबून धरला. चोच वाकडी आली, मग पंख. तिने दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. तो म्हणाला, "छान आलंय की." त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला.

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि हसली.

"लोकांची नक्कल तुम्हाला जमली हो," ती म्हणाली, "माझीच नक्कल मला जमेना."