सहाबारीचा दुभाषा

माझ्या भाषांतरामुळे ऐंशी वर्षांच्या एका अमेरिकन माणसाला रडू आलं आणि त्यात दोष कुणाचाच नव्हता, माझा सोडून.

त्या उन्हाळ्यात बाबा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आले होते. जन्म पोलिसांच्या शस्त्रागारात नोकरी करण्यात गेलेला. इथं दिवसभर लॉन बघून कंटाळले. (लॉनही त्यांना कंटाळलं असावं.) अशात शेजारच्या वॉल्टरनं आम्हाला बोलावलं. त्याची बायको वर्षभरापूर्वी गेली होती. कपाटं आवरताना त्याला पणजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलं होतं आणि ते नीट कसं ठेवायचं, हे त्याला बाबांना विचारायचं होतं.

ते रिकामं आहे हे दाखवून वॉल्टरनं ते टेबलावर ठेवलं. तो त्याला सिक्स-शूटर म्हणाला. बाबा म्हणाले, "सहाबारी." मी जाणकारासारखी मान डोलावली. (मला ते गावाचं नाव वाटलं!)

बाबांनी ते रुमालात धरून उलटसुलट पाहिलं. "घोडा सैल झालाय. किती वर्षं झाली, विचार त्याला."

सैल म्हणजे लूज, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी वॉल्टरला विचारलं, की हॉर्स लूज होऊन किती वर्षं झाली.

वॉल्टरनं बाबांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "घोडा सुटून पळाला होता, हे यांना कसं कळलं?"

आणि तो सांगत सुटला. पणजोबा या भागात नवीन असताना बर्फाच्या वादळात त्यांचा घोडा दोर तोडून पळाला. हेच रिव्हॉल्व्हर कमरेला लावून ते तीन दिवस त्याला शोधत हिंडले. पायाची दोन बोटं गेली, घोडा काही मिळाला नाही. पुढं मरेपर्यंत ते तबेल्याचं दार रात्री उघडं ठेवायचे. ही गोष्ट आता ऐकायला कुणी उरलं नाही, म्हणत वॉल्टरनं डोळे पुसले. मी सगळं बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येताना त्यांनी विचारलं, "पण त्यानं घोड्याची गोष्ट काढली कशाला?"

"तुम्हीच विचारलंत ना, बाबा."

ते रस्त्यातच थांबले. "अरे, घोडा म्हणजे बंदुकीचा! मागं ओढतात तो. वीस वर्षांत इंग्लिश शिकलास की मराठी विसरलास?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत जाऊन माफी मागतो म्हणालो, तर त्यांनी दंड धरला. "राहू दे. त्याला ती सांगायचीच होती."

दुसऱ्या दिवशी ते तेल आणि फडकं घेऊन एकटेच तिकडं गेले. आता रोज दुपारी दोघं पोर्चवर बसतात. बाबा मराठीत बोलतात, वॉल्टर इंग्लिशमध्ये. परवा मी डोकावून विचारलं, भाषांतराला येऊ का? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी नकारार्थी माना हलवल्या. माझ्याबाबतीत एकमत व्हायला त्यांना दुभाषा लागला नाही.