मांजरसुंब्यातलं झुरिक

शहादेव ओव्हाळ झुरिकला निघालेत ही बातमी दिंद्रुडात पसरली, तेव्हा निम्म्या गावाला झुरिक हे परळीच्या पुढचं एखादं रेल्वे स्टेशन वाटलं. उरलेल्यांना ते दवाखान्याचं नाव वाटलं. दोन-चार म्हातारी माणसं तर "काय झालंय बाबा तुला?" म्हणून घरी येऊन भेटूनही गेली.

शहादेवरावांना काहीच झालं नव्हतं. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढून ते नुकतेच रिटायर झाले होते. झुरिकचं खूळ त्यांचं नव्हतंच. ते त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, एका शब्दात ओढवून घेतलं होतं.

काही वर्षांपूर्वी कापसाचा कसलासा अभ्यास करायला एक गोरा माणूस त्या भागात आला होता. दिंद्रुडच्या अलीकडं त्याच्या जीपचा पाटा तुटला. नवा पाटा संभाजीनगरहून येईस्तोवर त्यानं राहायचं कुठं? गावात लॉज नाही. शहादेवरावांनी त्याला घरी आणलं. सिंधुबाईंनी नाव विचारलं, तर तो म्हणाला, "उर्स."

"नाव इचारलं मी, जत्रा न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या.

तर ते त्याचं खरंच नाव होतं. उर्स चार दिवस राहिला. येसर आमटी वाटी तोंडाला लावून प्यायला, भाकरी थापायला शिकला, त्याची भाकरी कुत्र्यानंही हुंगून सोडून दिली. जाताना दारात उभं राहून त्यानं अंजलीकडून, म्हणजे ओव्हाळांच्या लेकीकडून, शिकलेलं वाक्य म्हटलं, "झुरिकला यायचंच!"

"येऊ की," सिंधुबाई म्हणाल्या.

आता आपल्याकडं "येऊ की" म्हणजे काय, हे कुणालाही कळतं. म्हणजे यायचं नाही, पण तुमचं भलं होवो. उर्सला हे कोण सांगणार? तो दरवर्षी नव्या वर्षाला फोन करायचा आणि विचारायचा, "सिंधुताई, कधी?" पहिली काही वर्षं सिंधुबाईंनी हसण्यावारी नेलं. मग तो फोन आला की त्या मागच्या दारानं गोठ्याकडं जायला लागल्या. शेवटी शहादेवराव रिटायर झाले त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "आता जायचं. त्या लेकराला म्या येते म्हणलंय."

"आगं, झुरिक हाय ते. जगात लई महाग गाव हाय म्हणं."

"मग सस्त्यात जाऊ. जलमभर लोकायला बसवून धाडलं तुमी, एवढं जमंना व्हय?"

हे मात्र शहादेवरावांना लागलं.

अंजली बीडला सरकारी दवाखान्यात नर्स. पासपोर्ट, व्हिसा, कागदपत्रं सगळं तिनं अंगावर घेतलं. उर्सनं राहायची सोय आपल्या घरी करतो म्हणून पत्र पाठवलं. उरलं विमानाचं तिकीट. ते काढायला शहादेवराव स्वतः बीडच्या एजंटाकडं गेले, कारण तिकीट हा त्यांचा विषय होता.

"आमच्या मंडळीचं हाफ करा," ते म्हणाले.

"काका, विमानात लेडीजला हाफ नसतं."

"कावून? सरकारी आदेश हाय."

"ते एसटीला."

"बरं. मग ही गाडी साधी हाय का निमआराम?"

एजंटानं पाणी मागवलं. स्वतःसाठी.

"मधी कुठं थांबती?"

"दोहाला. पाच तास."

"पाच तास!" शहादेवराव खुर्चीवरून ताडकन उठले. "डायवर जेवतो का झोपतो?"

तिकीट निघालं. पण खरा घोर पुढंच होता. अंजलीनं मोबाइलवर झुरिकचे भाव वाचून दाखवले आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. एका कप चहाचे पाचशे रुपये. पाण्याची बाटली तशीच. काही ठिकाणी लघवीलासुद्धा पैसे.

"मग तिथं काय प्यायचंच न्हाई," सिंधुबाईंनी एका दमात दोन्ही प्रश्न मिटवले.

ठरलं असं, की खायचं सगळं घरून न्यायचं. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तीळ घालून केलेल्या कडक भाकऱ्या. बाहेर पडलं की विकत काही घ्यायचं नाही, कुणी दिलं तरी घ्यायचं नाही, कारण घेतलं की परत पाजावं लागतं. पण हे जमणार का? शहादेवरावांना आठवलं, की नवा रस्ता झाला की डेपोवाले आधी मोकळी गाडी फिरवून बघायचे. चढ कुठं, वळण कुठं, सगळं कळायचं. तसा झुरिकचाही एक सराव करायचा.

दिंद्रुडात तो जमला नसता. चार पावलं टाकली की कुणीतरी चहाला ओढतं. शहादेवरावांनी मांजरसुंबा निवडलं. हायवेचा चौक, परकी माणसं, धाबेच धाबे, आणि गावाच्या मानानं सगळंच महाग. बीड जिल्ह्यात याहून झुरिक ते काय असणार!

एप्रिलचा रविवार होता. दोघं सकाळच्या गाडीनं पोचली. झुरिकला थंडी असते म्हणून सरावही त्याच कपड्यांत करायचा होता. सिंधुबाईंनी लुगड्यावर खाकी स्वेटर, गळ्याला मफलर, पायात मोजे आणि वर चप्पल घातलेली. शहादेवराव कानटोपीत. चौकातल्या लिंबाखाली त्यांनी सतरंजी अंथरली, दशम्यांची पिशवी मध्ये ठेवली आणि दोघं झुरिकात बसली.

थोड्याच वेळात समोरच्या धाब्याचा मालक राधाकिशन धावत आला. शहादेवरावांची गाडी वर्षानुवर्षं त्याच्याकडं थांबायची.

"मास्तर! तुमी? हितं कावून बसलात? चला, चहा घ्या."

"न्हाई."

"मग जेवूनच घ्या."

"न्हाई, राधाकिशन. आज आमी कुणाचं काय घेणार न्हाई."

"अवो, पण झालं काय?"

आता भर चौकात, बेचाळीस डिग्रीत, कानटोपी घालून, "आम्ही सध्या युरोपात आहोत" असं सांगायला शहादेवरावांची जीभ रेटेना. "मागून सांगतो," एवढंच ते बोलले आणि त्यांनी मान खाली घातली.

राधाकिशननं सतरंजी पाहिली. घामानं निथळणाऱ्या सिंधुबाई पाहिल्या. रिटायर माणसाची ती खाली घातलेली मान पाहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धाब्यावर जाऊन तो गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाला, "मास्तरची पेन्शन अडवली रे. नवराबायको उपोषणाला बसलेत."

अर्ध्या तासात दोन रिक्षावाले सतरंजीवर येऊन बसले. कुणीतरी वर ताडपत्री बांधली. केळीवाल्यानं गाडा हलवून जागा करून दिली. एक हार आला, तो शहादेवरावांच्या गळ्यात पडला. ते "अवो, अवो" करत राहिले, पण आपल्याकडं हार घालून घेणारा माणूस "अवो, अवो" करतोच, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही.

मग जीप आली. जीपमधून रामप्रसाद भाऊ उतरले. पंचायत समितीला दोनदा पडलेले. आणि उपोषण कुठंही असो, त्यांना ते आपल्या घरचं कार्य वाटायचं. त्यांनी सिंधुबाईंच्या पाया पडून विचारलं, "काकू, मागणी काय हाय?"

उन्हानं सिंधुबाईंचं डोकं गरगरत होतं. "झुरिक," त्या म्हणाल्या.

भाऊंना झुरिक काय हे माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणणारा माणूस पुढारी कसा होईल? त्यांनी गंभीरपणे मान हलवली, जीपमधला माइक घेतला आणि गर्जना केली, "झुरिक आमच्या हक्काचं!"

"न्हाई कुणाच्या बापाचं!" चौक म्हणाला.

गर्दीत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, झुरिक हे कपाशीवरचं औषध हाय. एकानं शपथेवर सांगितलं, की झुरिकची सबसिडी मागल्या वर्षीच बंद झाली, त्याच्या मेव्हण्याला बी मिळाली न्हाई. दुसरा म्हणाला, घरकुलासारखीच योजना हाय, फक्त ती वरच्या वर खाल्ली जाती.

शहादेवरावांना आता राहवेना. त्यांनी उठून माइक धरला. "मंडळी, तुमचा गैरसमज होतोय. आमी नुसता सराव करतोय."

भाऊंनी माइक परत घेतला. "ऐकलं का? काका म्हणतेत, हा नुसता सराव हाय! खरं आंदोलन तर पुढं हाय!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की हायवेवरच्या दोन ट्रॅव्हल्स थांबल्या.

दुपारी सिंधुबाईंच्या पोटात कावळे ओरडायला लागले. सरावात घरचं खायला मुभा होती. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, एक दशमी काढली, त्यावर चटणी घेतली आणि घास तोंडाशी नेला, तोच भाऊंनी गळ्यातला गमछा झटक्यात त्यांच्या हातावर टाकला.

"काकू, काय करताय? उपोषण हाय!"

"कुणाचं?"

"तुमचं!"

सिंधुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "आवो," त्या दातओठ खात म्हणाल्या, "झुरिकात जेवूबी देत न्हाईत का?"

शेवटी ऊन कलताना नायब तहसीलदार आले. सोबत हवालदार, फायली आणि मोसंबीचा रस. बिचारे सुट्टीच्या दिवशी घरातून उठून आले होते. त्यांनी भाऊंना बाजूला घेऊन विचारलं, की झुरिक नेमकं कोणत्या खात्याकडं येतं. भाऊ म्हणाले, "साहेब, हेच तर दुर्दैव हाय. तुमालाच ठाऊक न्हाई." साहेब ओशाळले. मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लेखी आश्वासन दिलं, की झुरिकविषयक मागणी वरिष्ठांस कळवण्यात येत असून शासन तिचा सहानुभूतीपूर्वक विचार करेल. शिक्का मारला आणि रसाचा ग्लास सिंधुबाईंपुढं धरला.

सिंधुबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "घेऊ का? ह्याचे किती पडतील?"

"घे गं. हे मांजरसुंबा हाय," शहादेवराव म्हणाले.

सिंधुबाईंनी एका घोटात ग्लास रिकामा केला. मग शहादेवरावांचाही केला.

परतीच्या गाडीत सिंधुबाईंनी स्वेटर काढला, हार मांडीवर घेतला आणि एकामागून एक दशम्या खाल्ल्या. शेवटची वडवणीला संपली. मग म्हणाल्या, "गाव बरं हाय. माणसं लई हायती फक्त."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. खाली लिहिलेलं, 'झुरिकसाठी वृद्ध दांपत्याचे आमरण उपोषण'. सिंधुबाईंना त्यातलं 'वृद्ध' तेवढं झोंबलं. अंजलीनं हसत हसत तो उर्सला पाठवला. त्याला मराठी कळेना, पण आपल्या गावाचं नाव, उपाशी सिंधुताई आणि पोलीस एवढं कळलं. त्यानं रडवेल्या आवाजात अंजलीला फोन केला आणि म्हणाला, की त्यांना कुणी अडवलंय ते सांग, मी बोलतो.

व्हिसा मिळाला. मे महिन्यात दोघं गेली. दोहाच्या विमानतळावर पाच तास शहादेवराव दाराशी उभे होते, गाडी चुकेल म्हणून.

झुरिकच्या विमानतळावर उर्सनं लांबूनच दोन्ही हात जोडून "जय भीम!" अशी हाक मारली. सिंधुबाईंना भरून आलं. घरी पोचल्यावर त्यांनी पिशव्या सोडल्या आणि तिथंच सगळा बेत कोसळला. उर्सनं दशमी पाहिली आणि लहान पोरासारखी आरोळी ठोकली. त्या रात्री त्यानं खाल्ल्या. सकाळी खाल्ल्या. त्याच्या बायकोनं चटणी पावाला लावून खाल्ली, शेजाऱ्यांना बोलावून खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी दुपारी शहादेवरावांनी पिशवी झटकली, तर तीळ पडले.

"आपलं सगळं बजेट ह्यानं खाल्लं," ते कुजबुजले.

"खाऊ द्या," सिंधुबाई म्हणाल्या. त्या खुशीत होत्या. उर्सनं कुठूनसं ज्वारीचं पीठ पैदा केलं होतं आणि त्याच्या लखलखीत ओट्यावर त्या भाकरी थापत होत्या.

उर्स एक पैसा खर्चू देत नव्हता. शहादेवराव अवघडून गेले. आयुष्यात त्यांनी फुकट प्रवास कुणाला करू दिला नव्हता. एका सकाळी ते एकटेच बाहेर पडले, खांबावरच्या मशीनशी बराच वेळ झगडले, एका बाईच्या मदतीनं स्वतःच्या पैशानं एक तिकीट काढलं आणि ट्राममध्ये चढले.

आत गेल्यावर त्यांची नजर सवयीनं मास्तरला, म्हणजे कंडक्टरला, शोधायला लागली. मास्तर नव्हता. गाडी माणसांनी भरलेली, लोक चढत होते, उतरत होते, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. शहादेवरावांना ते बघवेना. ते मागच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. एका म्हाताऱ्या बाईची पिशवी त्यांनी हातात घेऊन खाली उतरवून दिली. "सावकाश," ते म्हणाले, "चला, पुढं सरका."

मग साध्या कपड्यांतली एक पोरगी आणि एक गडी जागेवरून उठले आणि त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र बाहेर काढलं. शहादेवरावांनी त्यांची चाल पाहूनच ओळखलं. तपासणी पथक! उभ्या नोकरीत ही चाल दिसली की ते घाईघाईनं बॅगेतले पैसे तिकिटांशी जुळवायला लागायचे. आज ते ताठ झाले. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं तिकीट काढून पुढं केलं.

पोरीनं पाहिलं, मान हलवली आणि पुढं निघाली.

"थांबा की, ताई," शहादेवराव म्हणाले. "नीट बघा. तारीख बघा, टाइम बघा."

पोरगी थांबली. या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तिनं तिकीट पुन्हा हातात घेतलं, उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, आपल्या जोडीदारालाही दाखवलं. मग दोन्ही हातांनी परत केलं आणि आपल्या भाषेत काहीतरी छान म्हणाली.

पुढच्या स्टॉपवर शहादेवराव उतरले. घर कुठल्या अंगाला राहिलं हे त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं. तिकीट तासाभराचं होतं, वेळ अजून शिल्लक होती. समोरून उलट्या दिशेची ट्राम आली, तशी ते तिच्यात चढले आणि दारापाशी उभं राहून, बिनतिकिटाचं कोण दिसतंय, म्हणून गाडीतल्या एकेकाच्या तोंडाकडं निरखून बघायला लागले.