शैलावहिनींचं फोल्डर

या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... पित्त झालं असेल, गोळी घ्या — असं माझं मत होतं. बऱ्याच जणांबद्दल अजूनही आहे.

मी रहाटणीला राहतो, वेबसाइट्स एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर हलवून देतो. चाकणला दत्ताभाऊंचं प्रेस मशिनवर पत्र्याचे पार्ट्स बनवायचं वर्कशॉप आहे. त्यांची जुनी होस्टिंगवाली कंपनी गाशा गुंडाळत होती. मशिनं बंद असतात म्हणून त्यांनी मला नेमकं खंडेनवमीला बोलावलं.

जुन्या सर्व्हरच्या आत बघितलं तर नुसता उकिरडा. 'न्यू', 'न्यू फायनल', 'खरं फायनल' असली फोल्डरं एकात एक कोंबलेली. त्यातच दुसऱ्या एका डोमेनचं, म्हणजे वेगळ्याच वेबसाइटचं फोल्डर — दत्ताभाऊंच्या बायकोचं, शैलावहिनींचं. दर खंडेनवमीला पूजा झाली की त्या सगळ्यांचा ग्रुप फोटो काढून तिथे टाकायच्या. स्वतः एकाही फोटोत नाहीत, कारण काढायच्या त्याच. या उन्हाळ्यात त्या वारल्या.

वर्षाला एक फोटो, आणि त्यासाठी वेगळं डोमेन! मी सरळ सांगितलं, हा कचरा इथेच सोडू. दत्ताभाऊंनी माझा हात माउसवरून बाजूला केला.

"कंपनीची साइट गेली तर दुसरी बनवू राव. तिच्या हातचं मातर एवढंच हाय."

मग पूजा झाली. प्रेसला हार, कुंकू, नारळ. मलाही ओळीत उभं केलं, हातावर पेढा ठेवला. दत्ताभाऊ मान खाली घालून रडत होते. फोटोचा विषय कुणी काढलाच नाही. नंतर मी केबिनमध्ये बसून नव्या सर्व्हरवर दोन्ही डोमेनची फोल्डरं वेगळी केली, वहिनींचं कॉपी केलं, डोमेन तिकडे वळवलं आणि पान उघडलं.

सगळ्यात वर यंदाचा फोटो होता. त्याच सकाळचा. हार घातलेला प्रेस, दत्ताभाऊ, सगळे कामगार, वॉचमन... आणि कडेला पेढा घेऊन मी.

आता कुणी अक्कल पाजळू नका. ब्राउझरमध्ये साठलेलं जुनं पान, कॅशेबिशे काही नाही, जुन्या सर्व्हरवर हा फोटो नव्हताच. नव्याचा पासवर्ड मी त्याच दिवशी तयार केलेला, दुसऱ्या कुणाला माहीत नाही. कॅमेरा फक्त गेटवर आहे. आणि पूजेला हजर असलेला एकूण एक माणूस फोटोत आहे... मग काढला कुणी?

दत्ताभाऊंनी बराच वेळ बघून एवढंच विचारलं, "पुढल्या वर्षी बी ह्ये चालू राहील ना?" मी हो म्हणालो.

मला याचा अर्थ लागलेला नाही. पूजेत दत्ताभाऊ रडत होते, मी शेजारीच होतो. फोटोत ते हसतायत — बायकोनं "हसा की जरा" म्हटल्यावर नवरा हसतो तसे.