गल्ल्यावरचा आल्फा

सिगारेट मी आयुष्यात एकदाच पेटवली, तीही उलट्या बाजूनं.

मकरपुऱ्याच्या कारखान्यांकडे वळणाऱ्या रस्त्यावर पानाचा एक गल्ला, म्हणजे टपरी, आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटली की तिथं स्कूटरींची गर्दी होते. त्या गर्दीत आपण परके दिसू नये म्हणून मी एक सुटी सिगारेट मागितली, ऐटीत ओठांत धरली, दोरीला टांगलेला लायटर ओढला आणि फिल्टरच जाळलं. प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास थेट नाकात गेला.

"अरे साहेब, ऊंधी सळगावी!" गल्लेवाला ओरडला, आणि बाकावरची सगळी मंडळी हसायला लागली. खोकत, डोळे पुसत मी माझा प्रश्न विचारला, "आपण रोज साधारण किती ओढता?" त्यावर एकानं मला विचारलं, विम्याकडून आलात की म्युनिसिपालिटीकडून? गणिताकडून आलो म्हटल्यावर बाक रिकामा झाला.

खरं म्हणजे मी गणिताकडूनच गेलो होतो. मी एका इंजिनियरिंग कॉलेजात गणित शिकवतो, आणि बढतीसाठी एक शोधनिबंध लिहीत होतो. विषय होता धूम्रपानाची सवय. समाजाची पाच खोकी करायची: अजून न ओढणारे, अधूनमधून ओढणारे, पक्के ओढणारे, तात्पुरते सोडलेले आणि कायमचे सोडलेले. एका खोक्यातून दुसऱ्यात बाण दाखवायचे आणि प्रत्येक बाणाचं समीकरण मांडायचं. बायकोला आकृती दाखवली तेव्हा ती म्हणाली, "ब्रह्मचाऱ्यानं बाळंतपणावर पुस्तक लिहावं तसं आहे हे तुमचं."

माझ्या समीकरणांची खुबी वेगळी होती. साध्या समीकरणात पुढं काय होणार हे आत्ता काय आहे यावरून ठरतं. मागचं सगळं पुसलेलं. माझी समीकरणं अपूर्णांकी होती. त्यांत आल्फा नावाचा एक आकडा असतो, शून्य आणि एकच्या मधला. आल्फा एक असेल तर समीकरण विसरभोळं. तो जितका खाली उतरेल तितका भूतकाळ जड होत जातो, जुनं ओझं ओढतच पुढं जावं लागतं. सवयीच्या गणिताला हेच हवं, असं मी निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात मोठ्या दिमाखात लिहिलं होतं. पण तपासणाऱ्यांचा अभिप्राय आला की आकडे दुसऱ्यांच्या निबंधांतून उचललेले आहेत, स्थानिक माहिती मिळवा. म्हणून मी गल्ल्यावर.

तिथून मी सरळ तरसालीला दादाकडे गेलो. दादा माझा थोरला भाऊ. त्याच कारखान्यांपैकी एकात फिटर होता, आता निवृत्त. मी घडलेलं सांगितलं, आणि दादा इतका हसला की झोपाळा थांबवावा लागला. वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या, त्याही हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

कारण मधल्या काळात दादाचा पाय जाता जाता वाचला होता. आयुष्यभर बिड्या ओढून उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्या होत्या. चार पावलं चाललं की पोटरीत गोळा यायचा, मग अंगठ्याला जखम झाली, ती काळी पडायला लागली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "काका, बिडी ठेवा नाहीतर पाय ठेवा." दादानं पाय ठेवला. खिशात बिडीच्या जागी वरियाळी, म्हणजे बडीशेप, आली. वहिनी रोज जखम धुवायच्या, पट्टी बांधायच्या. हळूहळू अंगठ्याचा रंग परत आला. जखम बुजली, त्याला आता काही महिने झाले होते.

"मास्तर," दादा डोळे पुसत म्हणाला, "तुला तिथं कोण काय सांगणार? तुझ्या बुटांना पॉलिश आहे. मी येतो उद्या. मी विचारतो, तू लिही."

वहिनींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "भाऊजी, यांना नका नेऊ तिथं."

"अगं, मी काय ओढायला चाललोय? विचारायला चाललोय."

"तरी नको."

इथं गप्प बसलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण समोर फळा नसला तरी मास्तर हा मास्तरच. मी कागद काढला, वहिनींना पाच खोकी दाखवली आणि म्हणालो, "वहिनी, हे बघा. तात्पुरते सोडलेले इथं. यांच्याकडून मागं जाणारा बाण आहे. दादा आता इथं, कायमचे सोडलेल्यांत. इथून मागं जाणारा बाणच नाही."

"बाण नाही म्हणजे?"

"म्हणजे परत जायची वाटच नाही."

वहिनींनी कागदाकडे पाहिलं आणि आत गेल्या. त्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी शिकलेला होतो ना. परतीचा बाण का नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही. तो दाखवला की सिद्धता फार लांबते, म्हणून तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागं दादा. गल्ल्यावर उतरला तर चारी बाजूंनी हाका. "मोटाभाई! केटला वखते!" किती दिवसांनी आलात म्हणत कुणी बाकावर जागा करून दिली, कुणी चहा सांगितला. दादा मधोमध बसला. निवृत्ती आणि आजारपण या दोन्हींत त्याच्याकडे कुणी काही विचारायला येत नव्हतं. येत होते ते फक्त तब्येत विचारायला. इथं तो कुणाला भाचा म्हणत होता, कुणाच्या पाठीत धपाटा घालत होता. माझा जो प्रश्न ऐकून बाक रिकामा झाला होता तोच प्रश्न दादा असा विचारायचा, "अरे, तुझी बायको अजून खिसे तपासते का?" आणि समोरचा धडाधड सगळं सांगून मोकळा. पहिली कधी ओढली, कुणी दिली, कितीदा सोडली, परत कशी लागली. मी स्कूटरला टेकून लिहीत होतो.

लिहीत होतो म्हणून दिसत नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. एकाला फोन आला, त्यानं पेटलेली बिडी दादाच्या हातात दिली आणि बाजूला गेला. फोन चांगलाच लांबला. तेवढा वेळ दादा ती बिडी अंगापासून लांब धरून बसला होता, आरतीचं ताट धरावं तशी. मी ते पाहिलं. माझ्या मनात आलं, केवढा निग्रह! घरी जाऊन बायकोला कौतुकानं सांगितलंही. ती भाजी चिरता चिरता थांबली. "तुम्ही घेतली का नाही त्यांच्या हातातून?" म्हणाली. मी म्हटलं, मी लिहीत होतो.

असं बऱ्याच संध्याकाळी चाललं. आमचं काम संपलं की दादा म्हणायचा, "तू जा रे. तुला घरी पार गोत्रीला जायचंय. मी रिक्षानं जाईन." मलाही घाई असायची. ताजे आकडे संगणकात भरायचे, आल्फा कुठं येतो ते बघायचं. दादाला तिथं सोडून मी निघायचो, आणि तो हात हलवायचा.

आल्फा अखेर आला, चांगलाच खाली. म्हणजे आपल्या गल्ल्यावरच्या माणसांत स्मृती दाट होती. बिडी सुटून कितीही दिवस लोटले तरी ओढ विझत नाही, ती रेंगाळते, हे माझ्याच भावानं जमवलेल्या माहितीतून सिद्ध झालं. मी इतका खूश झालो की दादाला फोन केला. "म्हणजे तुझ्या समीकरणालाही तलफ येते तर," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. तो जरा जास्तच हसला, हे मला फार नंतर आठवलं.

पावसाळ्याच्या आधी वहिनींचा फोन आला. अंगठा पुन्हा काळा पडला होता आणि या वेळी काळेपणा वर चढत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, नाडी शोधली, सापडली नाही. मग विचारलं, "काका, पुन्हा सुरू केलीत?"

दादा छताकडे बघत राहिला. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही होतात ना बरोबर?"

"माझ्यासमोर एकही ओढली नाही," मी म्हणालो. शपथेवर सांगावं इतकं ते खरं होतं.

"त्याच्यासमोर नाहीच ओढली," दादा छताशीच बोलला. "तो गेला की ओढायचो. त्याला घरी जायची घाई असायची."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो मला वाचवायला बोलत होता. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की "मी फोडलं" म्हणायचा, तसाच.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी आणि वहिनी बाहेर बाकावर बसलो होतो. मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, आज काही समजावून नका सांगू." मग आम्ही समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. तिथं धूम्रपान करू नका असं तीन भाषांत लिहिलं होतं.

निबंध स्वीकारला गेल्याची मेल आली तेव्हा दादा घरी येऊन काही आठवडे झाले होते. कॉलेजात सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. एकजण म्हणाला, स्थानिक माहितीनं निबंधाला वजन आलं. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, मी तो मागं घेतो. ती म्हणाली, "मागं घेऊन पाय येणार आहे का? दादांना सांगून या आधी. चला, मीही येते."

जाताना पेढे घ्यावेत की नाही यावर मी दुकानासमोर बराच वेळ उभा होतो. शेवटी घेतले. दादा झोपाळ्यावर होता, लुंगीची एक बाजू सपाट. मी चाचरत सांगितलं. त्यानं पेढ्याचा बॉक्स माझ्या हातातून ओढून घेतला.

"छापणार? नक्की? अरे, मग तोंड का असं? वरात काढायला पाहिजे तुझी!" त्यानं स्वतः एक खाल्ला, एक माझ्या तोंडात कोंबला. "गल्ल्यावर पाठव उरलेले. त्यांचाही हात आहे त्यात." मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "झालं ते झालं रे. आता सुटली ती कायमची. सोड आता."

बायको आणि वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या. दादा कारखान्यातले जुने किस्से सांगत होता, मी हसत होतो. किती महिन्यांनी छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं. निघताना वहिनींनीही नेहमीसारखं "या भाऊजी" म्हटलं. स्कूटर मुख्य रस्त्याला लागली, वारा बरा होता, आणि मला कळायच्या आत मी शीळ घालायला लागलो होतो.

मागून बायको म्हणाली, "गाडी जरा कडेला घ्या."

घेतली. ती उतरली नाही. माझ्या पाठीशीच बोलली.

"तुम्हाला सांगणार नव्हते. पण तुम्ही शीळ घालायला लागलात. दादा अजून ओढतात. आता वहिनीच आणून देतात. मी म्हटलं, अहो वहिनी, दुसरा पाय आहे ना अजून. तर म्हणाल्या, वर्षभर त्या माणसाच्या अंगाला कुत्र्यासारखी हुंगत फिरले, आता दमले, राहिलेल्या पायाचं त्यांचं त्यांनी बघावं. कणीक मळता मळता सांगितलं त्यांनी हे, रडल्यासुद्धा नाहीत. तुम्ही तेव्हा बाहेर पेढे खात होतात."