सर्व्हे नंबर एक्केचाळीसचा अंगठा

दोन हजार दोनच्या दिवाळीत आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत बातमी फिरली, की दुसऱ्या मजल्यावरचे रामदास साळवे कोट्यधीश झाले. हिंजवडीजवळ करंजडोहला त्यांची जमीन होती, ती कॉम्प्युटर कंपनीने घेतली. आता बंगला आणि काळी गाडी. बातमी मीच सोडली होती, त्यामुळे ती खोटी असल्याचं सर्वांत आधी मलाच कळलं. काळी वस्तू त्यांच्याकडे एकच आली होती, ती म्हणजे रेक्झिनची पिशवी. तिच्यात झेरॉक्स.

साळवे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, इस्त्री कडक. एके दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाले, "लिमये, तुम्हाला मोडी वाचता येते म्हणे. की तीही तुमचीच बातमी?"

मोडी मला खरंच येते. गेलो त्यांच्याबरोबर, जमिनींचे जुने कागद ठेवतात त्या सरकारी दप्तरखान्यात.

प्रकरण असं. गावची चाकरी करायची, दवंडी पिटायची, निरोप पोचवायचे, मेलेली गुरं ओढायची. त्याबदल्यात साळव्यांच्या घराण्याला वतनाची साडेचार एकर जमीन होती, सर्व्हे नंबर एक्केचाळीस. पाटलाने फसवून कोऱ्या कागदावर वडिलांचा, दशरथ साळव्यांचा, अंगठा घेतला आणि जमीन गेली, असं रामदासरावांनी शाळकरी वयापासून ऐकलेलं. तेच त्यांनी मुलीला, आम्रपालीला, सांगितलेलं. आता नशिबाचा खेळ बघा, आम्रपालीला नोकरी लागली ती नेमकी त्या एक्केचाळीसवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. साळवे एकदा बघायला गेले, तर फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "काका, पास आहे?"

वकील म्हणाला होता, तो अंगठ्याचा कागद आणा, फसवणूक सिद्ध करू. आम्ही तो अंगठा शोधत होतो.

दप्तरखान्यातल्या कौशल्याबाई रुमालात बांधलेली गाठोडी दिवसाला दोनच देत. तिसरं मागितलं की म्हणत, "उद्या या. जमीन काही पळून जात नाही."

"आमची गेली ना, बाई," साळवे म्हणाले. बाईंनी तरीही तिसरं दिलं नाही.

मी वाचायचो, ते वहीत उतरवायचे. जुन्या कागदांत पाटलांची नावं 'जी' आणि 'राव' लावून; साळव्यांची मात्र दसऱ्या, भिव्या, सटव्या. सगळ्यांपुढे जात लिहिलेली, आडनाव कुणालाच नाही. मी 'दसऱ्या वल्द भिव्या', म्हणजे भिव्याचा मुलगा दसऱ्या, असं वाचलं की साळवे पुटपुटत, "दशरथ. भिवाजी." आणि वहीत तसंच लिहीत. माझं वाचन दुरुस्त करणारा हा पहिलाच, ज्याला मोडीतलं अक्षर कळत नव्हतं.

अकराव्या दिवशी एकोणसाठ सालचं गाठोडं सुटलं. त्यातला कागद बाळबोध अक्षरांत होता, त्यामुळे माझी गरज नव्हती. साळव्यांनीच वाचला. वतनं सरकारने रद्द केली होती, अर्ज करून जमीन साधी मालकीची करून घेता येत होती. कागदावर लिहिलं होतं: 'वतनाची चाकरी आम्ही सोडली आहे. त्या चाकरीची जमीनही आम्हांस नको. राजीखुशीने लिहून दिले.' खाली सही. एकेक अक्षर वीट रचावी तसं रचलेलं: दशरथ भिवाजी साळवे.

"अंगठा कुठंय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मागच्या बाजूला असेल."

मागची बाजू कोरी होती. त्यांनी कागद पुन्हा उलटला, पुन्हा बघितला. कौशल्याबाई पहिल्यांदाच आपणहून म्हणाल्या, "अजून एक रुमाल काढू का?"

"नको," साळवे म्हणाले.

बसथांब्यावर त्यांनी दोन बस सोडून दिल्या. मग सांगू लागले. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वडील तीन महिने पाटी घेऊन अक्षरं गिरवत होते, गावकीच्या चाकरीची काठी तेव्हाच चुलीत घातली होती. जमीन गेल्याच्या पुढच्याच वर्षी पाऊस आला नाही, तेव्हा खडी फोडून आलेली आई रोज विचारायची, जमीन गेली कशी? वडील भिंतीकडे बघत म्हणायचे, पाटलाने अंगठा घेतला.

"पोरं उपाशी निजलेली," साळवे म्हणाले. "त्या वेळी कसं सांगणार, मीच सोडली म्हणून? आणि मी चाळीस वर्षं त्या पाटलाच्या दारावर थुंकलो."

घरी आम्रपालीने दारातच विचारलं, "बाबा, सापडला अंगठा?" त्यांनी झेरॉक्स तिच्या हातात दिली आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. तिने वाचलं. गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि आत गेली. वकिलाने फाइल आठवड्यात परत केली.

त्यानंतर साळवे जिन्यात दिसले की मान खाली. मला काही राहवेना. एक दिवस म्हटलं, "काय हो साळवे, तुमच्या वडिलांनी एका सहीत अख्खी हिंजवडी दान केली की! चार ओळी लिहायला शिकले नसते, तर आज तुमचा बंगला असता."

ते दोन पायऱ्या वर चढले, थांबले आणि वळून म्हणाले, "लिमये, आमच्या सगळ्या पिढ्या तुम्हीच वाचून दाखवल्यात मला. त्यात 'नको' म्हणालेला दुसरा कुणी सापडला होता का तुम्हाला?"