शिफारशीचा आवाज

माझ्या संगणकात मी शिफारशीने कुणाला घुसू देत नाही. लिनक्सवर एखादा प्रोग्राम बसवताना त्याला लागणारी पॅकेजेस येतातच, पण खाली आणखी एक यादी दिसते, ‘शिफारस केलेली पॅकेजेस’. ती घ्यायची की नाही हे आपल्यावर. मी घेत नाही. हवं तेवढंच घ्यायचं, हे वळण बाबांचं.

बाबा गिरणी कामगार. माझ्या नोकरीसाठी त्यांनी कुठे शब्द टाकावा म्हणून आई किती विनवायची, पण ते हलले नाहीत. “शिफारशीचो घास गळ्यात अडकता गो,” एवढंच म्हणायचे. मी अंधेरीतल्या ऑफिसांचे उंबरठे झिजवले, आणि तो राग माझ्या मनातून कधी गेला नाही.

काचबिंदूने त्यांची नजर गेली तसा नाहूरच्या घरी पेपर यायचा बंद झाला. “वाचून दाखव” म्हणणं त्यांना जमेना. माणूस दिवसेंदिवस मुका होत चालला होता आणि मला त्याची भीती वाटत होती. म्हणून एका रविवारी जुन्या लॅपटॉपवर मी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम बसवला. सवयीप्रमाणे, हवं तेवढंच. बाबा कान देऊन शेजारी बसले. प्रोग्राम सुरू झाला, पण तोंडातून अक्षर काढीना.

“काय झाला?”

“त्याचा आवाज शिफारशीच्या यादीत राहिला,” मला हसू आलं. “तुमच्या तत्त्वात बसत नाही. घेऊ का?”

बाबा हसले नाहीत. म्हणाले, “माका मिलीत शिफारशीनच घेतलेल्यानी.”

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. गावच्या एका काकांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. बाबा नवखे, साच्यावर, म्हणजे मागावर, धागा तुटायचा. मुकादम बाबांना काही बोलायचा नाही, सगळ्या खात्यासमोर त्या काकांचे आईबाप काढायचा. काका मान खाली घालून ऐकायचे आणि संध्याकाळी खोलीवर बाबांनाच आधी वाढायचे.

“तुझ्यासाठी कोणी तसा उभा रवता नये, म्हणान गो.”

इतक्या वर्षांचा राग आता कुठे ठेवावा, मला कळेना. मी यादीतलं सगळं घेतलं आणि एक बातमी लावली. सपाट, अडखळता आवाज वाचू लागला. जोडाक्षरांची पार वाट लागली होती. बाबा मान कलती करून ऐकत राहिले.

“ह्येच्या चुकीसाठी कोणाक ऐकून घेवचा लागणा नाय मा?”

“नाही बाबा. कुणालाच नाही.”

“मगे वाचू दे तेका.”